सबटायटल्स गेली कुठे?

प्रश्न : सेट टॉप बॉक्समधून पेनड्राइव्हवर चित्रपट रेकॉर्ड केला. जाहिराती कापून फाइल एमपी४ केली, तर सबटायटल्स गायब! आईला कमी ऐकू येतं, तिला ती हवीच असतात. फाइल बिघडली का?
– एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)

उत्तर : फाइल बिघडलेली नाही. पेनड्राइव्हवरची मूळ टीएस फाइल पुसली नसेल, तर सबटायटल्सही शाबूत आहेत. दृश्यातच छापलेल्या ओळी रूपांतरात गळत नाहीत. तुमच्या गळल्या, म्हणजे त्या वेगळ्या ट्रॅकवर होत्या. डिजिटल प्रक्षेपणात हा ट्रॅक बहुधा अक्षरांचा नसून छोट्या चित्रांचा असतो. एमपी४मध्ये त्याची सोय नाही, म्हणून सॉफ्टवेअर तो गुपचूप वगळतं. एमकेव्ही या फाइलप्रकारात मात्र तो जसाच्या तसा राहतो. त्यासाठी ‘एमकेव्हीटूलनिक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, मूळ फाइल त्यात टाका आणि सबटायटलच्या ट्रॅकवर खूण आहे ना, ते बघा. जाहिरातीही तिथेच वेळेनुसार वगळता येतात. काप क्वचित सेकंदभर मागेपुढे होईल, पण चित्राचा दर्जा घसरत नाही.

‘आमचा टीव्ही ही सबटायटल्स दाखवत नाही,’ अशी अडचण येऊ शकते. मग ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये चित्रांवरून अक्षरं ओळखून एसआरटी, म्हणजे अक्षरी सबटायटल्सची, फाइल करा. देवनागरी जोडाक्षरं चुकतात, ती हाताने तपासावीच लागतात. ओळी दृश्यात कायमच्या छापणं हा शेवटचा उपाय, कारण त्यात व्हिडिओ नव्याने एन्कोड होतो. काहीही करा, पण आधी जाहिराती कापा आणि मगच एसआरटी काढा, नाहीतर ओळी संवादांच्या मागे पडतील. नवी फाइल आईच्या टीव्हीवर शेवटपर्यंत नीट चालेपर्यंत मूळ रेकॉर्डिंग पुसू नका.