स्टिअरिंगची ढिलाई व चाकांची थरथर



ज्या मोटारीचें स्टिअरिंग सैल झालें आहे ती चालविणें म्हणजे बुजणाऱ्या बैलांची गाडी एका हातानें हांकण्यासारखें आहे. आपल्या माजलगांवच्या बाजूस ज्यांच्या घरीं जुनी जीप आहे, त्यांना ह्याचा अनुभव असेलच. १९४५ सालीं स्थापन झालेल्या व पुढें महिंद्र अँड महिंद्र ह्या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें अमेरिकेंतील विलीज कंपनीच्या जीपगाड्या मुंबईंत जोडण्यास त्याच दशकांत आरंभ केला. ह्या गाडीचीं पुढचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसाला जोडलेलीं असतात. चिखलांत व दगडधोंड्यांत ती टिकाऊ खरी. परंतु तिचे सांधे झिजले म्हणजे ती चालकाची कठोर परीक्षा घेते.

अशीच एक जुनी जीप माझ्याजवळ आहे. उसाच्या हंगामांत एके दिवशीं मी मुलांसह तेलगांवच्या रस्त्यानें जात होतों. वेग पन्नास किलोमीटरच्या आंतच होता. एका खड्ड्यांतून गाडी गेली मात्र, पुढचीं चाकें डावी-उजवीकडे इतक्या जोरानें फडफडूं लागलीं कीं, स्टिअरिंगचें चक्र हातांतून निसटूं लागलें. समोरून उसाच्या बैलगाड्यांची रांग येत होती. गाडी थांबली तेव्हां पुढच्या बैलांत व आमच्यांत दहा पावलांचें अंतर उरलें होतें.

घरीं येऊन मीं जें केलें तें पुष्कळजण करतात. स्टिअरिंगच्या पेटीवर एक स्क्रू असतो. तो आवळला कीं चक्राची मोकळीक कमी झाल्यासारखी वाटते. मीं तो घट्ट आवळला व आपण रोग बरा केला असें मानिलें. दुसऱ्याच दिवशीं एका वळणावर चक्र वळलें तें परत सरळ येईना, आणि गाडी शेताच्या बांधाला जाऊन लागली. आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याचे वडील मोटारदुरुस्तीचें काम करतात. त्यांनीं गाडी पाहिली व ते हंसून म्हणाले, “गुरुजी, आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं!” त्या दिवशीं त्यांच्याकडून मी जें शिकलों, तें येथें क्रमानें सांगतों.

प्रथम हें ओळखावें कीं, ढिलाई व थरथर हे दोन निरनिराळे विकार आहेत. चक्र थोडें फिरविलें तरी चाकें हालत नाहींत व गाडी रस्त्यावर भरकटते, ही ढिलाई. चाकें आपोआप डावी-उजवीकडे झटके देतात, ही थरथर. थरथर बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी कारणानें सुरू होते. ढिलाई तिला वाढूं देते.

आतां ढिलाई कोठून येते तें पाहूं. चक्राचा दांडा पेटींत जातो. तेथें मळसूत्राच्या योगानें एक हात हालतो. तो हात एका दांडीला ओढतो. जीपमध्यें ती दांडी आंसाच्या मधोमध बसविलेल्या कोनाकृति तरफेला फिरविते. हिला कारागीर बेल क्रँक म्हणतात. ह्या तरफेपासून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. प्रत्येक सांध्यांत थोडी थोडी झीज होते, आणि तिचा हिशेब असा लागतो. समजा, पेटीचें प्रमाण १४ ला १ आहे, पेटीच्या हाताची लांबी १५ सेंटिमीटर व चक्राची त्रिज्या २० सेंटिमीटर आहे. तर सांध्यांतील १ मिलिमीटर मोकळीक चक्राच्या कडेवर १४ × २० ÷ १५, म्हणजे जवळजवळ १९ मिलिमीटर होते. म्हणून चक्र सैल लागलें कीं पेटीच बिघडली, असें अनुमान करूं नये. अशा जुन्या गाडींत कडेवर सुमारें २५ मिलिमीटर मोकळीक सहन करतां येते; तिच्या दुप्पट झाली तर गाडी रस्त्यावर नेऊं नये.

परीक्षा करण्यास दोन माणसें पुरतात. गाडी सपाट जागीं उभी करावी, इंजिन बंद करावें, मागच्या चाकांना दगड लावावे. चाकें जमिनीवरच असूं द्यावीं, कारण भार असतांनाच सांध्याची झीज कळते. एकानें चक्र थोडें थोडें डावी-उजवीकडे हालवावें. दुसऱ्यानें खालीं वांकून प्रत्येक सांध्यावर क्रमानें बोटें ठेवावीं. ज्या सांध्याची एक बाजू हालते व दुसरी तत्काळ हालत नाहीं, तोच अपराधी.

ह्यानंतर पुढचें चाक जॅकनें उचलावें व आंसाखालीं भक्कम लांकडी ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणींहि कधींहि शिरूं नये. आणि मुलांनीं तर हें काम वडील माणसांवांचून करूंच नये. चाक वरच्या व खालच्या टोकाला धरून हालवावें. तें हालत असेल तर दुसऱ्यास ब्रेक दाबण्यास सांगावें. ब्रेक दाबतांच हालणें थांबलें तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्यें आहे; थांबलें नाहीं तर किंगपिनच्या बेअरिंगमध्यें. चाक डाव्या-उजव्या टोकांना धरून हालविल्यास टाय रॉडचे सांधे बोलूं लागतात.

थरथरीचें एक कारण आपल्या काळ्या जमिनींतच आहे. पावसाळ्यांत चाकाच्या पत्र्याच्या आंतल्या बाजूस चिखल बसतो व वाळून दगडासारखा होतो. समजा, मध्यापासून २० सेंटिमीटरवर १०० ग्रॅम चिखल एकाच बाजूस चिकटला आहे. जीप ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवतांना तो सुमारें साडेचार किलोग्रॅम वजनाइतका झटका देतो, आणि चाक सेकंदाला सुमारें साडेसात वेळां फिरत असल्यामुळें तितक्याच वेळां देतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. वेग निम्मा केल्यास तो चौथाईवर येतो. यास्तव प्रथम चाकें आंतून धुवावीं, टायरचा फुगवटा व दोन्ही बाजूंची हवा पाहावी, आणि मग चाकांचा समतोल करून घ्यावा. ह्या कामाला खर्च थोडाच.

दुसरें कारण चाकांच्या ठेवणींतील दोष. सायकलचा पुढचा फाळका तिरका असतो, त्यामुळें तिचें चाक सरळ राहूं पाहतें. मोटारीच्या किंगपिनलाहि असाच मागें कल दिलेला असतो. विलीज जीपमध्यें तो ३ अंश असतो. स्प्रिंगा बसल्या किंवा चुकीच्या बसविल्या तर हा कल बदलतो. तसेंच पुढचीं चाकें समोरून किंचित् जवळ असावीं लागतात. ह्या जीपसाठीं हें अंतर सुमारें १ ते २.५ मिलिमीटर असतें. दोन्ही टायरांवर खडूनें खूण करून पुढून व मागून माप घेतलें म्हणजे फरक कळतो.

हें सर्व झाल्यावर, सर्वांत शेवटीं, पेटीच्या स्क्रूला हात लावावा. तोहि चाकें अगदीं सरळ ठेवून व थोडाथोडा. आवळल्यानंतर चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत कोठेंहि अडकतां कामा नये. मीं नेमका शेवटचा उपाय पहिला केला होता.

चालत्या गाडींत थरथर सुरू झालीच तर घाबरून ब्रेक जोरानें दाबूं नये. चक्र दोन्ही हातांनीं घट्ट धरावें, वेगाच्या पट्टीवरून पाय काढावा व गाडी हळूहळू मंद करून कडेला थांबवावी.

माझ्या जीपमधील खरा दोष त्या विद्यार्थ्यानेंच शोधून काढिला. वडील चक्र हालवीत होते, आणि तो गाडीच्या पुढें पालथा पडून एकेका सांध्यावर बोट ठेवीत होता. “बाबा, इथं खटकतंय!” असें तो ओरडला. बेल क्रँकची पिन झिजली होती, व एका किंगपिनचें खालचें बेअरिंग खराब झालें होतें. दोन्ही बदललीं, पेटीचा स्क्रू पूर्ववत् केला, आणि त्याच रस्त्यावर त्याच खड्ड्यांतून गाडी नेली तेव्हां चक्र हातांत स्थिर राहिलें.

पालकांना माझी विनंति एवढीच कीं, ज्यांच्याकडे जुनी गाडी असेल त्यांनीं पावसाळा संपल्यावर व उसाच्या गाड्या रस्त्यावर येण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य करावी, आणि घरांतील मुलांस जवळ उभें करून ती दाखवावी. पाना उचलण्यापूर्वीं दोष कोठें आहे हें शोधण्याची संवय त्यांना लागली, तर ती पुढें मोटारीबाहेरहि उपयोगी पडेल.