तारेचा सूर आणि तारेची गर्जना



पुष्कळ घरांत आज एक वाद ऐकू येतो. नातू गिटार शिकत असतो आणि त्याला हेवी मेटलचे वेड लागलेले असते. आजोबा वैतागून म्हणतात, "हे गानं हाय का टिनावर गारा पडून राह्यल्या?" नातवाला वाटते, आजोबांना संगीत कळत नाही. आजोबांना वाटते, नातवाला कान नाहीत. अमरावती-अकोल्यातही आता गिटारचे वर्ग चालतात, आणि तेथे येणाऱ्या मुलांत सिनेगीतांना साथ करणारे असतात तसेच मेटलवेडेही असतात.

आवडनिवड ठरविणे हे पदार्थविज्ञानाचे काम नव्हे. परंतु त्या आवाजात नेमके काय असते, हे मात्र ते सांगू शकते. ते समजून घेतले की वाद अधिक समंजसपणे घालता येईल.

तारेचे तीन नियम

आपला मुलूख कापसाचा. गादीसाठी कापूस पिंजणारा पिंजारी तुम्ही पाहिला नसेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. त्याच्या मोठ्या धनुष्याला ताणून बांधलेली तात असते. तिच्यावर लाकडी ठोका बसला की ती घुमते आणि कापूस मोकळा होतो. पिंजाऱ्याची तात, भजनातील एकतारी आणि गिटारची तार या तिन्हींना एकच नियम लागू पडतात. ते मेर्सेन या फ्रेंच पंडिताने १६३६ साली मांडले.

तार दर सेकंदास जितकी कंपने करते तिला तिची कंप्रता म्हणतात. कंप्रता जास्त, तितका सूर उंच. तारेची लांबी निम्मी केली की कंप्रता दुप्पट होते. ताण चौपट केला की कंप्रता दुप्पट होते. आणि तेवढ्याच लांबीची, पण चौपट वजनाची तार घेतली की कंप्रता निम्मी होते. म्हणून गिटारच्या खर्जाच्या तारा जाड असतात आणि त्यांच्यावर आणखी तार गुंडाळलेली असते. सहा तारांपैकी सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ८२ असते, तर सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३०.

गिटारच्या मानेवर पडदे बसविलेले असतात. बोटाने तार पडद्याशी दाबली की कंप पावणारी लांबी कमी होते. एका पडद्यावरून पुढच्या पडद्यावर गेले की कंप्रता १.०५९५ पट होते. हा आकडा कोठून आला? सप्तकाचे बारा सारखे भाग केले आहेत, आणि १.०५९५ ला स्वतःने बारा वेळा गुणले की २ येतात. मोकळी तार ६५ सेंटिमीटरची असेल, तर बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२.५ सेंटिमीटरवर येतो. ही सोय मोठी आहे. पण तिची किंमत द्यावी लागते, ती पुढे दिसेल.

चुंबकाची करामत

साध्या गिटारचा आवाज तिची पोकळ लाकडी पेटी वाढविते. विजेच्या गिटारला पेटीची गरज नसते. तिच्या पोलादी तारांखाली लहान चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार हलली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत वीजप्रवाह निर्माण होतो. फॅराडेने १८३१ साली शोधलेले विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन ते हेच. नायलॉनच्या तारा येथे निरुपयोगी, कारण त्या चुंबकाला दाद देत नाहीत.

हा क्षीण प्रवाह विवर्धकात, म्हणजे अँप्लिफायरमध्ये जातो आणि तेथे मोठा होतो. मेटलचा खरा जन्म येथेच होतो.

सपाट केलेली लाट

पायलीने ज्वारी मोजताना वर आलेली रास हाताने सपाट करतात, हे तुम्ही पाहिले असेल. विवर्धकाचेही माप ठरलेले असते. त्याच्या ताकदीबाहेरची लाट त्यात ओतली, तर लाटेचा माथा आणि तळ दोन्ही सपाट होतात. वाटोळी लाट चौकोनी होऊ लागते. वादक याला डिस्टॉर्शन म्हणतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष. मेटल वादकाच्या दृष्टीने हाच गुण.

लाट चौकोनी झाली म्हणजे काय होते? ११० कंप्रतेचा शुद्ध सूर आत घातला, तर बाहेर ११० बरोबरच ३३०, ५५०, ७७० असे तिप्पट, पाचपट, सातपट कंप्रतेचे सूरही निघतात. यांना संनादी म्हणतात. त्यांच्यामुळे आवाज धारदार होतो. दुसरा परिणाम असा की, तार छेडल्यावर सुरुवातीचा जोराचा भाग छाटला जातो आणि मागाहूनचा क्षीण भाग मात्र मोठा होतो. त्यामुळे सूर लवकर विरत नाही, सारंगीच्या सुरासारखा लांबतो. थोड्या श्रमात एवढा मोठा आवाज हाती येतो, हे नवशिक्याला भुरळ पडण्याचे एक सरळ कारण आहे.

येथे आजोबांना एक प्रश्न विचारता येईल. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी कशासाठी काढतात? संनादी फुलावेत म्हणूनच ना? तंबोऱ्याने जे धाग्याने साधले, ते मेटलने विजेने साधले. प्रमाण आणि हेतू मात्र वेगळे.

गंधार का गाळला?

आता खरी मौज पाहा. मेटल वादक बहुधा तीन सुरांचा पूर्ण मेळ वाजवीत नाही. तो फक्त षड्ज आणि पंचम वाजवितो आणि त्याला पॉवर कॉर्ड म्हणतो. गंधार का नको?

दोन सूर एकदम त्या छाटणाऱ्या विवर्धकात घातले, की त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. षड्ज ११० आणि पंचम १६५ असला, तर १६५ उणे ११० म्हणजे ५५. ११० ची दुप्पट उणे १६५, म्हणजेही ५५. हा ५५ चा सूर कोणी वाजविलेलाच नाही! तो षड्जाच्या खालच्या सप्तकातला षड्ज आहे. म्हणून दोन बोटांचा मेळ अंगावर येण्याइतका भारदस्त वाटतो.

आता गंधार मिळवा. गिटारच्या पडद्यांवर गंधार १३८.६ आणि पंचम १६४.८ येतो. वजाबाक्या करा: १३८.६ उणे ११० म्हणजे २८.६, १६४.८ उणे १३८.६ म्हणजे २६.२. हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत, पण सारखे नाहीत. दोन्ही घरघरी एकमेकींवर आपटून सेकंदाला दोन-अडीच ठोके देतात आणि आवाज गढूळ होतो. गंधार स्वाभाविक, म्हणजे १३७.५ असता, तर दोन्ही वजाबाक्या २७.५ आल्या असत्या. बारा सारख्या भागांच्या सोयीची किंमत ती हीच. पंचमात मात्र चूक इतकी थोडी आहे की ठोका अडीच सेकंदांनी एकदा पडतो. तंबोराही बहुधा षड्ज-पंचमातच लावतात, हे ध्यानात घ्या.

एका कामगाराची बोटे

इंग्लंडातील बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असे. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबण्याची बोटे तीच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताणही उतरविला. १९७० साली त्याच्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली; हेवी मेटलचा आरंभ सामान्यतः तेथून मानतात. १९७१ च्या तबकडीत काही गाण्यांसाठी त्याने तारा तीन पडद्यांइतक्या उतरविल्या. कंप्रता ०.८४ पट झाली; ताण कंप्रतेच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून तो ०.७१ पट झाला. तार दाबण्यास हलकी झाली आणि सूर खोल गेला. मेर्सेनच्या नियमाने एका जायबंदी हाताला आधार दिला, असे म्हटले तरी चालेल.

ही लाट भारतातही आली. मुंबईत १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा उत्सव सुरू झाला. पुढे डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत यांसारखे मेटल वाद्यवृंद मुंबईतच निघाले. आयर्न मेडन हा इंग्लिश वाद्यवृंद २००७ साली बंगळूरला आणि २००८ साली मुंबईला वाजवून गेला.

कानांची काळजी

आजोबांचे एक म्हणणे मात्र नातवाने निमूटपणे ऐकावे. आवाज मोठा नको. अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत, ही कामगारांसाठी सुचविलेली मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावयाचा. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे! हा हिशेब मेटलला लागतो, तसाच लग्नाच्या वरातीतील डीजेलाही लागतो. कान सूर पाहत नाही, ऊर्जा मोजतो.

मग कोणाचे खरे? आपल्या वऱ्हाडात तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेऊन गावोगाव भजने गायिली. जो आवाज ऐकत आपण वाढतो, तो आपल्याला गोड लागतो. नवा आवाज आधी गोंगाट वाटतो आणि सवयीने त्यात सूर सापडू लागतो. नातवाने तंबोरा एकदा शांतपणे ऐकावा, आणि आजोबांनी हळू आवाजात पॉवर कॉर्ड. दोघांनाही षड्ज-पंचमच ऐकू येईल.

करून पाहा

एका फळीच्या टोकाशी खिळा ठोकून बारीक पोलादी तार बांधा. ती दोन लाकडी ठोकळ्यांवरून नेऊन दुसऱ्या टोकाला १ किलो वजन लटकवा. तार छेडा. मग ४ किलो लटकवा. सूर नेमका एक सप्तक चढतो का? (तार तुटू शकते, म्हणून डोळे दूर ठेवा.)

सोडवा

१. ६५ सेंटिमीटरच्या ११० कंप्रतेच्या तारेतून १६५ चा सूर हवा. किती लांबी कंप पावली पाहिजे?
२. तारा दोन पडद्यांइतक्या उतरविल्या, तर ताण किती पट होईल?
३. ९४ डेसिबलचा आवाज किती वेळ ऐकणे सुरक्षित?

(उत्तरे: १. सुमारे ४३.३ सेंटिमीटर. २. सुमारे ०.७९ पट. ३. एक तास.)