निचऱ्याची दुसरी वाट : लसीका संस्था आणि हत्तीरोग

शेतात काम करताना पायात बाभळीचा काटा मोडावा, कामाच्या गर्दीत त्याकडे दुर्लक्ष व्हावे आणि दोन-तीन दिवसांनी जांघेत अवधाण यावे, हा अनुभव ग्रामीण महाराष्ट्रात कोणालाच नवा नाही. काटा तळपायात आणि गाठ जांघेत, असे असूनही घरातील जाणती माणसे आधी पाय तपासतात. काटा निघाला, जखम धुतली गेली की अवधाण आपोआप बसते, हेही त्यांना ठाऊक असते. हे निरीक्षण अगदी शास्त्रशुद्ध आहे. तळपायापासून जांघेपर्यंत एक वाट आहे आणि ती रक्तवाहिन्यांहून वेगळी आहे. या वाटेला लसीका संस्था असे म्हणतात. शालेय पाठ्यक्रमात हृदयाला आणि रक्ताभिसरणाला जे स्थान मिळते, त्याच्या मानाने या संस्थेच्या वाट्याला फारच थोड्या ओळी येतात. मात्र विदर्भातील आणि राज्याच्या अन्य काही भागांतील एका जुन्या रोगाशी तिचा थेट संबंध असल्याने, शिक्षकांनी आणि पंचायतीच्या सदस्यांनी तिची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पाझर आणि चर

हृदयातून निघालेले रक्त अखेरीस केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांत येते. या वाहिन्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की रक्तातील पाणी, क्षार, पोषक द्रव्ये आणि थोडी प्रथिने त्यांतून बाहेर पाझरतात आणि पेशींच्या भोवती पसरतात. पेशींचे पोषण या पाझरातूनच होते. परंतु पाझरलेले सगळेच द्रव्य केशवाहिन्यांना परत घेता येत नाही. दिवसाकाठी काही लिटर द्रव मागे उरतो आणि त्याबरोबर केशवाहिन्यांत सहजी परत न शिरणारी प्रथिनेही उरतात. हा द्रव जागच्या जागी साचत राहिला असता, तर मनुष्याचे शरीर एका दिवसातच सुजू लागले असते.

नीरेच्या आणि कृष्णेच्या काठच्या बागायतदारांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. कालव्याचे पाणी शेतात आले, पण निचऱ्याचे चर खोदले गेले नाहीत, म्हणजे चांगली काळी जमीन चिबड होते. शरीरात निचऱ्याच्या चरांचे काम लसीकावाहिन्या करतात. त्यांची सुरुवात ऊतींमध्ये बंद टोकांनी होते. टोकाकडील पेशी एकमेकींवर कौले बसवावीत तशा बसलेल्या असतात. बाहेर द्रवाचा दाब वाढला की त्यांच्या फटी उघडतात, द्रव आत शिरतो आणि आतून दाब आला की फटी मिटतात. आत शिरलेल्या या द्रवाला लसीका म्हणतात. लहान वाहिन्या मिळून मोठ्या होतात. दोन्ही पाय, पोट आणि शरीराचा डावा वरचा भाग यांतील लसीका छातीतून वर जाणाऱ्या मुख्य वाहिनीत येते आणि मानेच्या बुडाशी डाव्या बाजूस असलेल्या मोठ्या शिरेत, म्हणजे पुन्हा रक्तातच, मिसळते. डोके, मान व छाती यांची उजवी बाजू आणि उजवा हात यांची लसीका उजवीकडील एका आखूड वाहिनीने जाते.

या प्रवाहाला हृदयासारखा पंप नाही, ही लक्षात ठेवण्याजोगी बाब होय. मोठ्या लसीकावाहिन्या स्वतः ठरावीक अंतराने आकुंचन पावतात, त्यांच्यातील झडपा लसीकेला मागे फिरू देत नाहीत, आणि उरलेले काम चालणे, पोटऱ्यांच्या स्नायूंची हालचाल व श्वासोच्छ्वास यांनी होते. एस. टी. च्या लांबच्या प्रवासात पाय लोंबते ठेवून बसल्यावर संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, त्याचे एक कारण हेच. कचेरीत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यांनी तासातासाने उठून चार पावले टाकावीत, हा सल्ला म्हणूनच निरर्थक नाही. अलीकडे शरीरातील लसीका शुद्ध करणारी म्हणून पेये व चूर्णे विकली जातात. निरोगी मनुष्याला त्यांची काहीही गरज नाही. दोन्ही पावलांवर रोज सूज येत असेल, तर मात्र ती लसीकेची समजून स्वस्थ बसू नये. रक्तक्षय, हृदयाचे अथवा मूत्रपिंडाचे विकार यांतही पाय सुजतात आणि त्यांचा उपचार वेगळा असतो.

या वाहिन्या वैद्यकाच्या नजरेस उशिरा आल्या, कारण लसीका बहुतांशी रंगहीन असते. इ. स. १६२२ मध्ये इटलीतील शरीरशास्त्रज्ञ गास्पारे आसेल्ली याने नुकतेच खाणे झालेल्या कुत्र्याचे विच्छेदन केले असता आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे त्याला दिसले. एक दोरा कापला, तो दुधासारखा द्रव बाहेर आला. अन्नातील स्निग्धांश आतड्यातून मुख्यत्वे लसीकावाहिन्यांच्या वाटेने शोषला जातो आणि म्हणून जेवणानंतर त्या वाहिन्या पांढऱ्या दिसतात, हे पुढे उलगडले. छातीतील मुख्य वाहिनीचे वर्णन झां पेके याने १६५१ मध्ये प्रसिद्ध केले. मेंदूच्या आवरणांतही लसीकावाहिन्या आहेत, ही गोष्ट तर २०१५ साली सर्वमान्य होऊ लागली.

वाटेवरची नाकी

लसीका रक्तात मिसळण्यापूर्वी तिला लसीकाग्रंथींतून जावे लागते. शरीरात अशा सुमारे पाचशे ते सहाशे ग्रंथी असून मान, काख, जांघ आणि पोट या ठिकाणी त्यांची दाटी असते. ज्वारीच्या दाण्यापासून घेवड्याच्या बीपर्यंत त्यांचा आकार असतो. जकात नाक्यावर गाडीतला माल तपासला जावा त्याप्रमाणे ग्रंथीतील पांढऱ्या पेशी लसीकेबरोबर आलेले जंतू अडवितात, त्यांची ओळख पटवितात आणि त्या विशिष्ट जंतूंविरुद्ध प्रतिकाराची तयारी सुरू करतात. या धामधुमीत पेशींची संख्या वाढते आणि ग्रंथी फुगते, दुखते. अवधाण ते हेच. घसा आला असता जबड्याखाली लागणाऱ्या गाठीही याच. प्लीहा, घशातील टॉन्सिल आणि लहान मुलांमध्ये छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथी हे याच संस्थेचे घटक होत.

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ उसळली आणि पुढे ती पुण्यात व अन्यत्र पसरली, तेव्हा लोकांनी त्या रोगाला गाठीचा ताप असे नाव दिले. पिसू बहुधा पायाला चावे, जंतू लसीकेच्या वाटेने जांघेतील ग्रंथीत जात आणि तेथे गाठ उठे. नाके अपुरे पडले की जंतू रक्तात शिरत आणि रोगी हाती लागत नसे. आजच्या काळात अधिक लक्ष देण्याजोगी गाठ मानेतील होय. दुखत नाही, पण दोन-तीन आठवडे झाले तरी बसत नाही, सोबत बारीक ताप आहे किंवा वजन उतरत आहे, अशी गाठ क्षयाची असू शकते, क्वचित कर्करोगाचीही. तिला लेप लावीत बसण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे श्रेयस्कर.

चर बुजले म्हणजे

निचऱ्याची ही वाट बंद पडली तर काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण म्हणजे हत्तीरोग. सुश्रुतसंहितेत या रोगाचे श्लीपद या नावाने वर्णन आहे आणि जुने पाणी साचून राहणाऱ्या प्रदेशात तो अधिक आढळतो, असेही तेथे नमूद आहे. डासांचा संबंध ठाऊक नसताना केलेले हे निरीक्षण आहे, हे विशेष. महाराष्ट्रात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांना या रोगाची जुनी ओळख आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या निदानावर दीर्घकाळ संशोधन झाले, तेही या परिसराची गरज ओळखूनच.

रोगाचे कारण एक दोऱ्यासारखा कृमी आहे. त्याची मादी आठ ते दहा सेंटीमीटर लांब असते. नर आणि मादी लसीकावाहिन्यांत ठाण मांडून साधारण चार ते सहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, जगतात आणि लक्षावधी सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडतात. ही पिल्ले आपल्याकडे रात्रीच बाहेरच्या रक्तवाहिन्यांत येतात. क्युलेक्स जातीचा डासही रात्रीच चावतो. रक्ताबरोबर पिल्ले डासात जातात, तेथे दहा ते चौदा दिवसांत त्यांची वाढ होते आणि मग ती दुसऱ्या मनुष्याच्या वाटेला लागतात. रोगाच्या या फेऱ्यातील डासाचा भाग पॅट्रिक मॅन्सन याने १८७७ साली चीनमध्ये दाखवून दिला. आरोग्य कर्मचारी रात्री आठनंतर रक्ताचे नमुने घ्यावयास घरोघरी येतात त्यामागील कारण हे असे आहे. झोपमोड होते म्हणून त्यांना दारातून परत पाठविणाऱ्या घरांत ही माहिती पोहोचलेलीच नसते.

कृमींच्या वास्तव्याने लसीकावाहिन्या फुगतात, त्यांच्या झडपा नीट मिटेनाशा होतात आणि लसीका पायात तुंबते. येथपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही, आणि अशी वर्षे निघून जातात. त्यापुढची हानी बहुतांशी कृमी करीत नाही. ती पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील चिरांमधून शिरणारे साधे जंतू करतात. तुंबलेल्या द्रवात ते झपाट्याने वाढतात, थंडी वाजून ताप भरतो, पाय लाल होतो, ठणकतो. आठवडाभराने ताप उतरतो, सूज मात्र पूर्ण उतरत नाही. असा प्रत्येक झटका पायाची त्वचा अधिक जाड करून जातो. पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते. काहींना आतड्याकडील वाहिन्यांच्या बिघाडामुळे दुधासारखी लघवी होते; आसेल्लीला दिसलेला तो पांढरा द्रवच येथे भलत्या वाटेने बाहेर पडत असतो. हा रोग सहसा जीव घेत नाही. रोजगार, लग्न, चारचौघांत उठणे-बसणे हे मात्र तो हिरावून घेतो. घरातील एका सुजलेल्या पायामुळे धाकट्या बहिणीची सोयरीक मोडल्याची उदाहरणे गावोगावी सापडतील, आणि हा रोग आनुवंशिक नाही, स्पर्शानेही होत नाही, हे सांगणारे कोणी त्या बैठकीत नसते.

गोळी कोणाच्या पोटात जाते

राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. २००४ पासून बाधित जिल्ह्यांतील सर्व लोकांना वर्षातून एकदा औषध देण्याची मोहीम देशात हाती घेण्यात आली. डीईसी व अल्बेंडाझोल या दोन औषधांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध देण्याची पद्धत २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात अवलंबिली गेली. देशातील पहिल्या पाच जिल्ह्यांत त्याचा समावेश होता. जागतिक उद्दिष्ट २०३० चे असताना भारताने रोग दूर करण्यासाठी २०२७ हे वर्ष ठरविले आहे.

मोहिमेत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : मला काही झालेले नाही, मग गोळी का घ्यावी? त्याचे उत्तर वर येऊन गेले आहे. ज्याच्या रक्तात पिल्ले आहेत, त्याचा पाय बहुधा सुजलेला नसतो. औषधाने पिल्ले नष्ट होतात, पण जुने कृमी सगळेच मरत नाहीत. ते म्हातारे होऊन मरेपर्यंत दरवर्षी पिल्लांचा बंदोबस्त करीत राहावे लागते. एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी प्रत्येक फेरीत औषध प्रत्यक्ष घेतले, तरच डासांची साखळी तुटते. प्रत्यक्ष या शब्दावर येथे जोर आहे. आशा कार्यकर्ती दारात येते, गोळ्या देते, वहीत नोंद होते. गोळ्या मात्र फडताळातील डब्यात पडून राहतात. वहीतील आकडा भरतो आणि रोग तेथेच राहतो. म्हणूनच गोळ्या कर्मचाऱ्यासमोर गिळाव्यात असा नियम आहे. या ठिकाणी सरपंचाने, मुख्याध्यापकाने आणि तलाठ्याने चावडीवर सर्वांदेखत स्वतः गोळी घेणे हे दहा भित्तिपत्रकांपेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

औषध उपाशीपोटी देत नाहीत. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ते द्यावयाचे नसते. आयव्हरमेक्टिनसाठी उंचीचा निकष लावला जातो. काहींना औषधानंतर ताप, डोकेदुखी, मळमळ असा त्रास होतो. रक्तात पिल्ले असून ती मरत असल्याचे ते बहुधा लक्षण असते आणि एक-दोन दिवसांत त्रास ओसरतो. ही कल्पना आधी दिलेली नसेल, तर एका मुलाला उलटी होताच सगळी शाळा गोळ्या टाकून देते.

डासांच्या बाबतीत पंचायतीचा वाटा मोठा आहे. क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो : तुंबलेल्या गटारात, उघड्या शोषखड्ड्यात, शौचालयाच्या टाकीत. गटार वाहते ठेवणे, टाकीच्या वायुनळीच्या तोंडाला जाळी अथवा जुने नायलॉनचे कापड बांधणे, डबक्यांत गप्पी मासे सोडणे, ही कामे ग्रामसभेच्या एका ठरावात बसणारी आहेत.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांना आता काही उपाय नाही असे सांगून घरी बसविण्याची चाल चुकीची आहे. अंडवृद्धीची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांत विनामूल्य होते. पायाची सूज पूर्णपणे जात नसली, तरी तापाचे झटके थांबविता येतात आणि झटके थांबले की सूज वाढणेही थांबते. त्यासाठी लागते ते एवढेच : बादलीभर स्वच्छ पाणी, एक मग, साधा साबण आणि मऊ कापड. गुडघ्यापासून खाली, घड्यांमध्ये आणि प्रत्येक बोटाच्या बेचक्यात साबण लावून पाय रोज धुवावा, न घासता टिपून पूर्ण कोरडा करावा, चीर दिसल्यास आरोग्य केंद्रातून मिळणारे मलम लावावे. बसताना पाय स्टुलावर, झोपताना पायाखाली उशी किंवा खाटेच्या पायथ्याखाली विटा. अधूनमधून घोटा वरखाली हलवावा. अनवाणी चालू नये. ताप भरलेला असताना व्यायाम करू नये, पाय गार पाण्याने शेकावा व डॉक्टरांना दाखवावा. वाकता न येणाऱ्या वृद्धांचा पाय घरच्या माणसाने धुवावयाचा असतो, आणि पहिल्या दोन-चार वेळा आरोग्य सेविकेने तो त्यांच्या अंगणात बसून धुवून दाखविला, तर घरची माणसे पुढे येण्यास बिचकत नाहीत.