लखनौचा बडा इमामबाडा आणि रोमन चुनाबांधणी

लखनौच्या बड्या इमामबाड्याचे मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद व १५ मीटर उंच आहे. त्याच्या छताला तुळई नाही, लोखंड नाही, मध्ये खांबही नाही. हे छत कशाच्या बळावर उभे आहे, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. वास्तूच्या रक्षणाची रीत त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

नबाब आसफउद्दौला याने दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून १७८४ मध्ये हे बांधकाम हाती घेतले. स्थपती होता किफायतुल्ला. साहित्य म्हणजे पातळ लाखोरी विटा, चुना आणि सुरखी. जेम्स फर्ग्युसन याने १८७६ च्या आपल्या ग्रंथात छताची कृती दिली आहे. विटा व चिखल यांच्या साच्यावर भरड काँक्रीटचा जाड थर घालीत, तो वर्ष-दोन वर्षे आळू देत आणि मग साचा काढून घेत. अशा रीतीने सर्व छत एकसंध होई.

हेच तत्त्व रोमन लोकांनी वापरले होते. इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या पँथिऑनच्या घुमटाचा व्यास ४३ मीटरांहून अधिक आहे. तेथे चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळली जाई. लखनौस तेच कार्य भाजलेल्या विटांच्या भुकटीने, म्हणजे सुरखीने केले. दोन्ही पदार्थांतील सिलिका चुन्याशी संयोग पावते व मिश्रण ओलाव्यातही घट्ट होते. घुमटाचा भार कमी व्हावा म्हणून रोमन कारागिरांनी वरच्या भागात हलका सच्छिद्र दगड योजिला. लखनौस छताभोवतीच्या भरावात भूलभुलैयाच्या वाटा पोकळ राखल्या आहेत.

तथापि उत्तम बांधणीलाही राखण लागते. पँथिऑन ६०९ मध्ये ख्रिस्ती मंदिर झाले, म्हणून ते टिकले. ६६३ मध्ये सम्राट दुसरा कॉन्स्टन्स याने घुमटावरील ब्राँझचे पत्रे काढून नेले, तेव्हा आठव्या शतकात तिसरा ग्रेगरी या पोपने त्यावर शिशाचे आच्छादन घातले. मूळ गाभ्यास धक्का न लावता पाणी अडविणे, एवढेच त्या मध्ययुगीन डागडुजीचे मर्म होते.

इमामबाड्याच्या बाबतीतही हाच धडा लागू पडतो. चुन्याची भिंत ओलावा शोषते आणि बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविल्यास ओल आत कोंडते, क्षार साठतात व मऊ लाखोरी वीट झिजू लागते. म्हणून जुन्या चुन्याची डागडुजी चुन्यानेच व्हावयास हवी; जीर्णोद्धारात नव्या साहित्याच्या कणखरपणापेक्षा जुन्याशी असलेला मेळ अधिक मोलाचा ठरतो.