महाकाय ताऱ्यांचे स्फोट

ताऱ्याचे आयुष्य म्हणजे दोन विरुद्ध बलांचा दीर्घकाळ टिकलेला समतोल होय. गुरुत्वाकर्षण ताऱ्यातील द्रव्य आत ओढीत असते, तर अंतर्भागातील दाब ते बाहेर लोटीत असतो. हा समतोल एकाएकी ढळला म्हणजे काय घडते, याचे दर्शन अतिदीप्त नवताऱ्यांत, म्हणजेच सुपरनोव्हांत होते. सामान्य अतिदीप्त नवतारा काही आठवडे अब्जावधी सूर्यांइतका प्रकाश देतो. परंतु त्यांपैकी काही विरळा तारे त्याहूनही दहापट किंवा अधिक तेजस्वी असतात. एवढे तेज येते कोठून, हे येथे पाहावयाचे आहे.

दाब का अपुरा पडतो?

सूर्याच्या सुमारे १४० ते २६० पट वस्तुमान घेऊन जन्मलेला तारा घेऊ. त्याचा गाभा मुख्यतः प्रकाशाच्या दाबावर तोललेला असतो. आतील इंधन संपत आले म्हणजे गाभा आकुंचन पावतो व त्याचे तापमान एक अब्ज अंशांच्या घरात जाते. तेथील काही गॅमा किरण इतके ऊर्जावान असतात, की त्यांच्यापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या जोड्या निर्माण होतात. ज्या ऊर्जेने दाब टिकवावयाचा, तीच कण घडविण्यात खर्ची पडते. मग खांब काढून घेतलेल्या छपराप्रमाणे गाभा कोसळू लागतो. या पतनाने ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांचे संमीलन भडक्यासारखे सुरू होते आणि सबंध ताऱ्याच्या चिंधड्या उडतात. मागे न्यूट्रॉन ताराही उरत नाही व कृष्णविवरही उरत नाही. ही कल्पना १९६७ साली राकावी, बरकत इत्यादी इस्रायली शास्त्रज्ञांनी मांडली.

पडताळा कसा घ्यावा?

अशा स्फोटात किरणोत्सर्गी निकेल-५६ विपुल तयार होते. त्याचे अर्धायुष्य ६ दिवसांचे असते. त्यापासून होणाऱ्या कोबाल्ट-५६ चे ७७ दिवसांचे असते व अखेरीस लोह उरते. म्हणून स्फोटाचे तेज शेवटी कोबाल्टच्या गतीनेच मंदावले पाहिजे. ‘एसएन २००७बीआय’ या स्फोटाचे तेज तसेच मंदावत गेले. त्यात सूर्याच्या वस्तुमानाच्या तिपटीहून अधिक निकेल असावे, असे गाल-याम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविले. मात्र या तेजाचा उगम वेगाने फिरणाऱ्या, प्रबळ चुंबकत्व असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यात असावा, असेही मत मांडले गेले आहे.

नुसत्या तेजावरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे ‘एसएन २००६जीवाय’ या स्फोटावरून कळते. प्रथम तो महाकाय ताऱ्याचा अंत असावा, असे वाटले होते. परंतु २०२० साली त्याच्या वर्णपटातील लोहाच्या रेषांचा उलगडा झाला. त्यावरून, एक लहानसा श्वेत बटू तारा दाट वायूच्या कवचात फुटला व त्याच्या टकरीने ते तेज निर्माण झाले, असा अर्थ पुढे आला.

दूरच्या काळातील साक्ष

२०१२ साली कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील दुर्बिणीची जुनी छायाचित्रे तपासली. एकेका हंगामातील छायाचित्रांची बेरीज करून त्यांतून इतर वर्षांची चित्रे वजा केली, तेव्हा दोन अतिदूरचे स्फोट उघड झाले. त्यांपैकी अधिक दूरच्या स्फोटाची ताम्रच्युती ३.९० होती. त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा विश्वाचे वय सुमारे दीड अब्ज वर्षे होते. विश्वाच्या प्रसरणामुळे तेथील एका महिन्याची घटना आपणास सुमारे पाच महिने चाललेली दिसते.

विश्वातील आद्य तारे केवळ हायड्रोजन व हीलियम यांचे, आणि बहुधा फार मोठे होते. असे तारे अल्पायुषी असल्याने त्यांपैकी एकही आज जिवंत नाही. त्यांच्या मृत्यूचा प्रकाश मात्र अद्याप वाटेवर असेल. तो गवसल्यावर त्याचे तेज मोजून भागणार नाही. ते कसकसे मावळत जाते, हेही चिकाटीने नोंदवावे लागेल.