फुप्फुसातील कृमिजन्य पाण्याचे फोड व त्यांवरील शस्त्रक्रिया

पीक निघाल्यावर खतासाठी शेतात मेंढ्या बसविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आणि मेंढीमागे कुत्रा आलाच. या दोन उपयुक्त प्राण्यांमध्ये एका कृमीचे येणे-जाणे असते व मध्ये सापडलेल्या माणसाच्या फुप्फुसात त्यापासून पाण्याचा फोड होतो. त्याचा विचार येथे करू.

हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर, भाजीपाल्यावर व पाण्यात पडतात. ती मेंढीच्या वा माणसाच्या पोटात गेली म्हणजे त्यांतून निघालेला गर्भ रक्तावाटे बहुधा यकृतात व त्याखालोखाल फुप्फुसात रुजतो. फोड वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. पुढे खोकला, छातीत कळ, दम व कधी थुंकीतून रक्त ही लक्षणे दिसतात व क्षयाचा भ्रम होतो. फोड फुटल्यास खारट पाणी व द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे खोकल्यावाटे पडतात. क्वचित अंगावर पित्त उठून, रक्तदाब खचून प्राणावर बेतते.

क्ष-किरण चित्र व सीटी स्कॅन यांनी निदान होते. मोठ्या फोडास शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होय. रोग्यास भूल देऊन बरगड्यांमधून छाती उघडतात. फोडातील पाणी सांडून नवे फोड रुजू नयेत म्हणून सभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या पट्ट्या ठेवतात. मग बाहेरील कवच छेदून आतील पांढरी पिशवी अखंड, अथवा पाणी शोषून घेऊन, बाहेर काढतात. उरलेल्या पोकळीत श्वासनलिकांची तोंडे उघडी असतात. सायकलची ट्यूब पाण्यात धरून छिद्र शोधावे, तसे पोकळीत पाणी घालून, फुप्फुस फुगवून, बुडबुडे पाहतात व प्रत्येक तोंड टाक्याने बंद करतात. शक्यतो फुप्फुस राखले जाते. निकामी झालेला भाग तेवढा काढतात. नंतर अल्बेंडाझोल हे औषध देतात. मात्र शस्त्रक्रियेपूर्वी ते आपल्या मनाने घेऊ नये. मोठा फोड फुटण्याचा धोका असतो.

देवळीकरांस वर्ध्याचे जिल्हा ठिकाण जवळ आहे. सेवाग्राम येथे १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. खोकला लांबल्यास तपासणीस विलंब लावू नये.

परंतु शस्त्रक्रियेहून प्रतिबंध स्वस्त. कापलेल्या जनावराचे पाण्याचे फोड असलेले काळीज व फुप्फुस कुत्र्यास टाकू नये. जाळावे वा खोल पुरावे. कुत्र्यास पशुवैद्याकडून नियमाने जंताचे औषध द्यावे. कुत्र्यास हात लावल्यावर हात धुवावेत व भाजी धुऊन घ्यावी. आइसलंड देशात हा रोग घरोघर होता. लोकशिक्षणाने व कुत्र्यांच्या बंदोबस्ताने तो तेथून नाहीसा झाला. तेथील मेंढपाळांस जे साधले, ते आपल्या शेतकऱ्यांस अवघड नाही.