बोटभर मासा आणि धरण

कायद्याने प्राणी वाचविता येतो. पण त्याचे वसतिस्थानही वाचते का? या प्रश्नाचा विचार करताना मला अमेरिकेतील स्नेल डार्टर या माशाचे उदाहरण महत्त्वाचे वाटते.

हा मासा फार तर 9 सेंटिमीटर लांबीचा. स्वच्छ, वाहत्या पाण्याच्या तळाशी वाळू-खडीवर तो राहतो व बारीक गोगलगायी खातो. अंडी खडीत घातली जातात. पिले प्रवाहाबरोबर खाली जातात आणि वाढल्यावर परत वर येतात. म्हणजे त्याला नुसते पाणी पुरत नाही, वाहती नदी लागते.

1973 साली प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड एटनियर यांना तो टेनेसी राज्यातील लिटल टेनेसी नदीत आढळला. तेथेच टेलिको धरणाचे काम चालू होते. धरण जवळजवळ पुरे झाले असतानाही 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माशाच्या बाजूने निकाल दिला. परंतु 1979 मध्ये तेथील संसदेने धरणाला कायद्यातून सूट दिली आणि त्याच वर्षी पाणी अडविण्यात आले.

हायवासी नदीत आधीच सोडलेले मासे तगले. इतर प्रवाहांतही ते सापडले. 2022 मध्ये संरक्षित प्राण्यांच्या यादीतून त्याचे नाव वगळण्यात आले. मासा वाचला, परंतु त्याच्या नदीचा तो भाग जलाशयाखाली गेला. प्राणी दुसरीकडे हलविता येतो, नदी हलविता येत नाही, एवढे मला या प्रकरणातून उमगले.